थांबलेला ठिपका

सासूबाईंच्या वॉकरला पुढे जाळीची टोपली होती. तिच्यातून सुनेने चष्म्याचं घर, औषधाची पाकिटं आणि अर्धवट विणलेला मोजा बाहेर काढला आणि त्या जागी दोन जीपीएस यंत्रं शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही मुठीत मावतील एवढीच. डावीकडचं खात्यातलं, दोन वर्षं वापरून कडेचा रंग उडालेलं. उजवीकडचं नवंकोरं, तपासून बघायला मागवलेलं.

"आता हे काय माझ्या गळ्यात?" सासूबाई म्हणाल्या.

"गळ्यात कुठे, टोपलीत आहे. तुम्ही फक्त रोजच्यासारख्या चाला."

"रोजच्यासारखी म्हणजे? कंबरेचं हाड मोडल्यापासून मुंग्या मला मागे टाकून जातात."

"मग तसंच."

सुट्टीचा दिवस होता, सासूबाईंना इमारतीच्या आवारात फिरवून आणायचंच होतं, तेवढ्यात यंत्रांची तपासणीही उरकून जाईल, एवढाच तिचा हिशेब. पाणीपुरवठा खात्यात ती उपअभियंता होती. यंत्रं निवडायचं काम तिच्याकडे आपसूक आलं होतं, कारण बाकीचे लोक पडदा केवढा आहे आणि पाण्यात पडलं तर चालेल का, एवढं बघून मोकळे होत. ती मात्र आत कोणती चिप बसवली आहे ते बघायची. उपग्रहांचा क्षीण इशारा पकडून आपण कुठे आहोत ते ठरवते ती चिप, बाकी सगळा नुसता डबा, असं तिचं म्हणणं. खात्यात तिला चिपबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्या अंतरावरून नक्की.

एवढ्याशा आवाराच्या दोन फेऱ्यांना चाळीस मिनिटं लागली. मध्ये सासूबाईंनी शेजारच्या माळ्याला झाडं कशी छाटावीत ते शिकवलं, तेही चालता चालता. घरी आल्यावर तिने दोन्ही यंत्रं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपला जोडली. नव्या यंत्राने आवाराभोवती दोन वेडीवाकडी कडी काढली होती, लहान मुलाच्या हातात खडू दिल्यासारखी. जुन्या यंत्राने एक ठिपका काढला होता. एकच, फाटकाजवळ, अगदी नीटनेटका.

सासूबाई तिच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. "ही वेडीवाकडी मी का?"

"हो."

"आणि हा ठिपका?"

"तोही तुम्हीच."

"म्हणजे याच्या मते मी जागची हललेच नाही? चाळीस मिनिटं जीव काढला मी! मेल्याला म्हणावं, माझ्या कंबरेतला खिळा तुझ्या कंबरेत घालून एक फेरी मारून दाखव. मग ठिपका काढ हवा तेवढा."

तिला हसू आलं. ती हसली आणि मध्येच थांबली. जुनं यंत्र तिने टेबलावर पालथं घातलं. त्याचा चेहराच बघवेना तिला.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. एक माणूस आठवला."

त्या माणसाला खात्यात कानवाले म्हणत. एकोणतीस वर्षं त्यांनी जमिनीखालची गळती ऐकण्याचं काम केलं. पहाटे, रस्त्यावर गाड्या सुरू व्हायच्या आधी, ते मुख्य वाहिनीच्या वरून चालत. दोन पावलं टाकायची, लोखंडी सळई जमिनीला टेकवायची, तिच्या वरच्या टोकाच्या वाटीला कान लावायचा, श्वास रोखून ऐकायचं, मग पुन्हा दोन पावलं. पाच फूट खालच्या नळातून पाणी कुठे निसटतंय ते त्यांना कळायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिला त्यांच्या हाताखाली दिलं होतं. ती पदवी घेऊन आलेली, आणि सळईतून तिला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"घाई करतेस तू," ते म्हणायचे. "पाणी काय तुझ्यासाठी थांबलंय? तू थांब त्याच्यासाठी."

सहा महिन्यांनी तिला पहिल्यांदा तो बारीक सुस्कारा ऐकू आला, तेव्हा त्यांनी आनंदाने तिच्या पाठीत अशी थाप मारली की वाटी कानावर आदळून दोन दिवस कान दुखत राहिला. तिने ते कुणाला सांगितलं नाही. तिला ते दुखणं आवडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी खात्याने ठरवलं की फेरीवरच्या प्रत्येक माणसाजवळ एक यंत्र असावं, म्हणजे कोण कुठे गेलं ते नकाशावर दिसेल. निवड तिच्याकडे आली. तिने तीन निरनिराळ्या चिपची यंत्रं मागवली. पहिल्या दोन चिपचं एकच दुखणं होतं. माणूस नुसता उभा असला तरी त्याच्या जागेभोवती ठिपके नाचत, सांडलेल्या साखरेभोवती मुंग्या जमाव्यात तसे. तिसरी चिप शांत होती. माणूस उभा तर ठिपका उभा. तिची रेघ बघून साहेब खूश झाले होते, "वा, पट्टीने मारल्यासारखी!" म्हणाले होते. ती रेघ इतकी स्वच्छ का येते, ते माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं. चिप मुळात गाड्यांसाठी घडवलेली. सिग्नलला थांबलेल्या गाडीचा ठिपका नाचू नये म्हणून वेग फार कमी झाला की ती माणूस थांबलाय असं धरून चालते आणि ठिपका जागच्या जागी रोवून ठेवते. बरंच अंतर तोडल्यावर मग तो एकदम उडी मारून पुढे जातो.

हे तिने वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, पेन्सिलने खाली रेघ ओढून शेजारी 'उत्तम' असं लिहिलं होतं. चाचणी तिने स्वतःच घेतली, कचेरीसमोरच्या रस्त्यावर, खांद्याला पिशवी अडकवून, उशीर झालेल्या माणसाच्या चालीने. कानवाल्यांच्या हातात एकदा देऊन बघावं, असं मनात आलं होतं. पण ते पहाटेचे जाणार, म्हणजे आपल्यालाही पहाटे उठावं लागणार, या विचाराने तिने ते पुढे ढकललं. ढकललेलं तिथेच राहिलं.

पहिल्या दोन महिन्यांचे नकाशे आले तेव्हा सगळ्यांच्या रेघा सरळ होत्या. कानवाल्यांची तेवढी रेघच नव्हती. वीस-पंचवीस मिनिटं ठिपका एका जागी, मग एकदम पन्नास मीटर पुढे, तिथे पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं. साहेबांनी अर्थ लावला तो कुणीही लावला असता. कुठेतरी बसतात, मग कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून पुढे सरकतात, आणि फेरी झाली म्हणून सही ठोकतात. कानवाल्यांना बोलावण्यात आलं.

"मी चालत होतो, साहेब."

"यंत्र म्हणतंय, नव्हतात."

कानवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती कागदाकडे बघत होती.

"मॅडम, यंत्र तुम्ही निवडलंय," साहेब म्हणाले. "बरोबर दाखवतं ना?"

पेन्सिलने अधोरेखित केलेली ती ओळ तिला त्या क्षणी आठवली होती. आठवली नाही असं ती पुढे कितीही वेळा स्वतःला सांगत आली, तरी आठवली होती. पण ते गाड्यांसाठी आहे, ती मनाशी म्हणाली. आणि आता ते काढलं तर मग हेच का घेतलंत, असं सगळे विचारणार.

"हो," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात कानवाल्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. भांडले नाहीत, कुणाकडे दाद मागितली नाही. म्हणजे चोर मुकाट कबूल झाला, असं सगळ्यांनी धरलं. त्यांना निरोप द्यायला कुणी थांबलं नाही, त्यात तीही होती.

आता, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, तिने सासूबाईंचे दोन्ही नकाशे साहेबांच्या टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला.

"अरेरे. म्हणजे कानवाले खरं बोलत होते."

"हो."

"वाईट झालं. फार वाईट झालं." साहेबांना खरोखरच वाईट वाटलं होतं. माणूस दुष्ट नव्हता, फक्त वाईट वाटणं लवकर आटपावं अशी त्यांची इच्छा असे. "असं करा, यंत्रात तांत्रिक बिघाड आढळला असं लिहा आणि नवी मागवा. कानवाल्यांना मी स्वतः फोन करतो."

"बिघाड नव्हता, साहेब. जसं घडवलंय तसंच ते चाललं. माझी निवड चुकली."

"मॅडम, तुमच्या बढतीची फाईल वर गेलीय. बिघाड म्हटलं की सगळे सुटतात. यंत्राचं काय, ते थोडंच रडायला बसणार आहे?"

"लिहून आणते," ती म्हणाली. काय लिहून आणते ते बोलली नाही. नकाशे पिशवीत घालून ती तडक निघाली.

कानवाल्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार त्यांच्या बायकोने, काकूंनी, उघडलं. शिकाऊ असताना ती कितीतरी सकाळी फेरीवरून थेट या घरात येऊन जेवली होती. काकूंनी तिला आत घेतलं, पण बस म्हणाल्या नाहीत.

कानवाले खिडकीशी खुर्चीत बसले होते. दोनेक वर्षांत माणूस निम्मा झाला होता. शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल दिसत होती. तिला बघून मात्र त्यांचा चेहरा खुलला. "पोरी! तू? ये, ये. किती दिवसांनी!"

त्या 'पोरी'ने तिला जास्त लागलं. चार शब्द वाकडे बोलतील, दार लावून घेतील, अशी तयारी करून ती आली होती. प्रेमाने बोलतील याची तयारी तिच्याजवळ नव्हती. ती उभ्या उभ्याच बोलायला लागली. त्यांच्या मांडीवर दोन्ही नकाशे ठेवले, सासूबाई सांगितल्या, वॉकर सांगितला, वेग कमी झाला की ठिपका कसा रोवला जातो ते सांगितलं. कानवाले वेड्यावाकड्या कड्यांवरून बोट फिरवत राहिले.

"म्हणजे," त्यांनी विचारलं, "मी चालत होतो?"

"हो, काका."

"रोज?"

"रोज."

त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"मला वाटायचं मी चालतोय," कानवाले म्हणाले. "यंत्र म्हणालं, उभे होतात. आधी राग आला. मग मी म्हटलं, यंत्राचं माझ्याशी काय वाकडं आहे? आणि निवडलं कुणी, तर तू. आत काय आहे ते बघितल्याशिवाय तू काही घेत नाहीस, हे मला ठाऊक. तू हो म्हणालीस ना, तेव्हा माझी खात्रीच पटली. उभा असतो आणि समजतो की चालतोय. हा काय साधा आजार आहे? अशा माणसाने कुणाचा पाण्याचा नळ तपासावा?"

"म्हणून अर्ज दिलात?"

"मग काय करणार?"

"दोन डॉक्टर झाले," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज सपाट होता. "शंभरातून सात सात वजा करायला लावतात. हे बरोबर करतात, तरी यांचा विश्वास बसत नाही. एकटे खाली जात नाहीत. जिना उतरताना मला विचारतात, मी चालतोय ना, बघ गं जरा. आता मुलगा म्हणतो, घर बंद करा आणि माझ्याकडे या. पुढच्या महिन्यात न्यायला येतोय."

नोकरी गेली, नाव गेलं, एवढंच तिने धरलं होतं. तेवढ्याचीच शरम ती घेऊन आली होती, आणि इथे तर ती अपुरी पडत होती.

"लिहून दे मला," कानवाले एकदम म्हणाले. "कचेरीला काय द्यायचं ते तू बघ. मला घरात ठेवायला दे. मुलाला दाखवायला."

काकूंनी वहीचं एक पान फाडून दिलं. ती टेबलाशी बसली आणि लिहू लागली. सुरुवातीचं भराभर लिहून झालं. पुढचं वाक्य आलं तेव्हा पेन थांबलं. कागदावर निळा ठिपका मोठा होत गेला, तसं तिने पेन उचललं आणि ते वाक्यही लिहून टाकलं. त्याच्यापुढे आणखी एक लिहिलं. खाली सही केली, हुद्दा घातला, तारीख घातली.

कानवाल्यांनी कागद घेतला आणि न बघताच बायकोपुढे धरला.

"तू वाच. मोठ्याने. मला ऐकू दे."

काकूंनी चष्मा लावला. कानवाल्यांनी डोळे मिटले.

"फेरीच्या नोंदींमध्ये हे गृहस्थ एका जागी थांबलेले दिसतात, ते चूक आहे," काकू वाचू लागल्या. "त्या यंत्राला सावकाश चालणारा माणूस दिसत नाही. ते त्या सर्व दिवशी चालत होते."

"शेवटचं पुन्हा वाच."

"ते त्या सर्व दिवशी चालत होते."

"हं. पुढे?"

"यंत्र निवडताना ही गोष्ट मला माहीत..." काकू थांबल्या. त्यांची नजर ओळीच्या शेवटापर्यंत गेली, खालच्या ओळीवर गेली, तिथे जराशी रेंगाळून परत वर आली. मग त्याच सपाट आवाजात त्या म्हणाल्या, "माहीत नव्हती. त्याबद्दल मी त्यांची माफी मागते."

कागदावर 'माहीत होती' असं होतं आणि त्याखाली, तरीही विचारल्यावर मी हो म्हणाले, असं; माफीचा शब्द त्यावर कुठेच नव्हता. तो लिहायचा तिला धीर झाला नव्हता.

"कशी माहीत असणार?" कानवाले डोळे मिटूनच म्हणाले. "एवढंसं यंत्र, त्याच्या पोटात काय आहे ते कुणाला दिसणार? माफी कसली मागतेस, वेडी का काय तू! सांगायला आलीस ना धावत? दुसरं कुणी आलं असतं का?"

तिने बोलायला तोंड उघडलं. काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. तिने तोंड मिटलं.

कानवाले उठले. खुर्चीला न धरता उठले. दाराजवळ जाऊन त्यांनी पायात बूट सरकवले.

"जरा खाली जाऊन येतो."

"मी येते की," काकू म्हणाल्या.

"कशाला? ऐकलंस ना आत्ता?"

जिन्यावर त्यांची पावलं बराच वेळ वाजत राहिली. एक पायरी, थांबणं, मग दुसरी. काकू खिडकीशी गेल्या. तीही गेली. खाली कानवाले फाटकातून बाहेर पडले होते आणि पदपथावर भिंतीच्या कडेने निघाले होते. इतक्या वरून ते उभेच वाटत होते. बराच वेळ, पापणी न हलवता बघत राहिल्यावर तिला कळलं की ते चालताहेत.

काकूंच्या हातातल्या कागदाची आता चौपदरी घडी झाली होती.

"मुलाला मीच वाचून दाखवीन," त्या म्हणाल्या.

"काकू, त्यांना खरं ते मला..."

"सांगून तुला बरं वाटेल. त्यांच्याजवळ मग कोण उरेल?"

तिने खिडकीचा गज धरला.

"मी वाचलंय ना," काकू खाली बघत म्हणाल्या. "एकीने वाचलं, बास झालं."